पूर्वेचा ठिपका

वासुदेवरावांनी वरणाची वाटी बाजूला सरकवली आणि टेबलावरच्या नकाशावर भिंग टेकवलं. सर्वेक्षण खात्यात पस्तीस वर्षं नकाशे काढलेला माणूस. जर्मनीत एश्बॉर्नला मुलाकडे येऊन महिना झाला, तरी हाताला काही काम नव्हतं. आज सुनेनंच काम दिलं, मग काय विचारता!

ऊर्मिला फ्रँकफुर्टच्या एका संग्रहालयात बेडकांवर संशोधन करायची. तिचा सध्याचा बेडूक अँडीज पर्वतातला. याची मादी पाठीवरच्या पिशवीत अंडी वागवते. संग्रहालयात याच्या नमुन्यांच्या दोन जुन्या बरण्या होत्या, एका नदीच्या पूर्व आणि पश्चिम तीरांवरच्या, दोन वेगळ्या नावांच्या. दोन्हींतली जात एकच, हे ऊर्मिलानं सिद्ध केलं होतं. पण पश्चिमेच्या डोंगरावर चार वर्षं शोधूनही एकही बेडूक मिळाला नव्हता. सगळी आशा आता नकाशावर पूर्व तीराला काढलेल्या ठिपक्यावर होती, आणि मेमध्ये ती तिकडे निघणार होती.

"बाबा, चढायची वाट तेवढी बघून द्या ना."

"वाट कसली? अगं, पूर्वेच्या बरणीवरच्या चिठ्ठीत उंची किती लिहिलीय?"

"तीन हजार नऊशे मीटर."

"पूर्वेला एवढा उंच डोंगरच नाही! या उंचीच्या रेषा मोज. सव्वीसशेला संपल्या. एकोणचाळीसशे भरतात ते पलीकडे, पश्चिमेला. लिहिणाऱ्यानं तीर उलटा लिहिलाय." ते खुशीत हसले. "इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, बघ!"

"उंचीच चुकली नसेल कशावरून?"

"सव्वीसशेवर जगतो का तुझा बेडूक?"

"नाही. पस्तीसशेच्या खाली नाहीच."

"मग झालं तर!"

ऊर्मिला हळूच खुर्चीत बसली.

"म्हणजे दोन्ही बरण्या एकाच डोंगरावरच्या. आणि तिथं आता काही उरलेलं नाही. संपला तो, बाबा."

राहू दे गं तो ठिपका, असं वासुदेवरावांच्या अगदी ओठांवर आलं. पण चुकीचा ठिपका त्यांनी जन्मात कधी राहू दिला नव्हता. ऊर्मिलानं खोडरबर घेतलं, तेव्हा त्यांनी नकाशावर हात ठेवला.

"थांब. पुन्हा मोजतो."

नदीपासून त्यांनी एकेक रेषा बोटानं मोजत नेली. आपली मोजणी चुकावी, असं त्यांना आजवर कधी वाटलं नव्हतं. सव्वीसशेला रेषा संपल्या. त्यांनी चष्मा पुसला, आणि बोट परत नदीपाशी आणलं.