मंजुळाच्या गोष्टीचा शेवट

मंजुळा गोष्ट सांगू लागली की तिचा अंगठा तर्जनीवर हळूच दाबला जाई, जणू ती गुडघाभर चिखलात भाताचं रोप लावते आहे. आणि वर्गातल्या खडूच्या कोरड्या हवेत ओल्या बांधाचा गारवा पसरे. बारवी धरणाकडच्या पाड्यावरून ती अंबरनाथच्या आमच्या कॉलेजात येई. दर शनिवारी शेवटच्या तासाला प्रत्येकाने एक जुनी कथा आपल्या तऱ्हेने सांगायची, असा आमचा परिपाठ होता. उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या जीतूचा यम शेअर रिक्षात बसून चौथी सीट भरायची वाट पाही आणि तेवढ्यात सावित्री त्याला वादात हरवी; आम्ही बाकं बडवून हसलो होतो. पण सर्वांत लाडका मंजुळाचा कावळा. त्याचं शेणाचं घर पावसाने नव्हे, धरणाच्या पाण्याने गेलं होतं, आणि चिमणीच्या दारावर टकटक करताना तो आवाज चढवत नव्हता. तास संपे, दार बंदच राही. शेवट विचारला की ती म्हणे, "वाटेत सांगते," आणि रिक्षा स्टँडपर्यंत जो सोबत चाले त्याला सांगे.

भाद्रपद लागला आणि तीन दिवसांच्या तापात ती गेली. मी फोन केला, तो तिच्या भावाने उचलला. त्याने जे सांगितलं त्यावर मी, अजून लाज वाटते, "बरं" म्हणाले.

वर्गाच्या हस्तलिखितात तिची गोष्ट पहिली घ्यायचं ठरलं. ती कागदावर कधी उतरलीच नव्हती, म्हणून तिने वाटेत मला सांगितला तसा शेवट मी लिहायला बसले: चिमणी दार उघडते तेव्हा कावळा निघून गेलेला असतो. जीतू वाचून उसळला.

"काहीतरीच काय! कावळ्याला कॅम्पातल्या बराकीत खोली मिळते. मेरे को खुद बोली थी वो. तू किताबी कीडा, तूच बनवलंस हे."

त्याचे आजोबा निर्वासित म्हणून बराकीतच उतरले होते. आणि मी? तेव्हा माझं वडिलांशी बोलणं बंद होतं. गोष्ट ऐकली त्या संध्याकाळी हेंद्रेपाड्यातल्या आमच्या घरी जाऊन मी त्यांच्या खोलीचं दार ढकललं होतं. तिला यातलं काही मी कधी सांगितलं नव्हतं. प्रत्येकाला तिने त्याच्या मापाचा शेवट दिला होता. हा धक्का तिच्या जाण्याइतकाच आत बसला.

खरा शेवट तिच्या आईला ठाऊक असेल, म्हणून आम्ही दोघं पाड्यावर गेलो. लोंब्या निसवलेल्या भातावर पिवळं ऊन स्थिर होतं. मंजुळाच्या गोष्टीचा शेवट विचारला तशी आई आमच्याकडे पाहतच राहिली.

"गोष्टी? आमची मंजी? घरात त गपच असाची ती. दुसऱ्या कुनाच्या घरी आलाव का पोरांनो?"

जीतू सांगू लागला. टकटकीपर्यंत आला आणि थांबला. आईने पदराची कड मुठीत घट्ट धरली होती.

"पुढं? मेला त नाय ना तो भायेर?"

जीतूने माझ्याकडे पाहिलं. छापील शब्द सोडून कधी काही न बोललेली मी म्हणाले, "नाही, मावशी. चिमणीने आत घेतलं त्याला. जेवला तो."

"जेवला?"

"पोटभर."

हस्तलिखितात तोच शेवट आहे, तिच्या नावाखाली. काळ माणसाला नेतो तेव्हा त्याचं न बोललेलंही सोबत नेतो. मागे उरलेल्या शांततेत स्मृती त्याच्या आवाजात बोलून पाहते, आणि तो आवाज त्याचा की आपला, हे सांगायला कुणी उरलेलं नसतं.