राखेतले मणी

"एकही मणी नाही?" मॅडमनी विचारलं.

"नाही सापडला," मी म्हणाले आणि चष्मा पुसायला घेतला.

ज्वालामुखीची राख निवडणं हे माझं काम. तांदूळ निवडावेत तशी, फक्त सूक्ष्मदर्शकाखाली. डोंगर राख ओकतो तेव्हा त्या ढगात विजा कडाडतात. विजेच्या वाटेत आलेली राख क्षणात वितळते आणि खाली पडेपर्यंत तिची गोल काच होऊन बसते. बाकीचे कण काटेरी, हे मणी तेवढे गुळगुळीत. ओल्या ब्रशच्या एका केसानं अलगद उचलायचे. नवरा गेल्यावर या प्रयोगशाळेत लागले ती इथलीच होऊन गेले. इथं सगळे मावशी म्हणतात. घरी हाक मारायला भिंती आहेत.

मॅडम लिहायला लागल्या. "म्हणजे या खेपेला विजा फारशा झाल्याच नाहीत. विजा टिपणारी यंत्रं तर राखेनं बंद पडली होती. तुमच्यावरच भिस्त, मावशी."

विजा नाहीत कशा? डोंगर फुटला त्या संध्याकाळी मी गच्चीवर होते. डोंगरावरचा अख्खा ढग विजांनी भरला होता. न राहवून लेकाला फोन लावला, तर म्हणाला, "आई, कामात आहे गं." मग बघत बसले आपली एकटीच.

विजा होत्या म्हणजे मणी असणारच. मलाच दिसत नव्हते. डोळ्याचा पडदा झिजलाय, आता चष्म्यानं काही व्हायचं नाही, असं डॉक्टर मागेच म्हणाले होते. मी कुणाला सांगितलं नाही. सांगणार कुणाला म्हणा.

गप्प बसले असते तर खपून गेलं असतं. कामही टिकलं असतं. पण दोष डोळ्यांचा आणि आळ आभाळावर, हे काही मला पचेना.

"मॅडम, लिहू नका. ही बशी जरा तुम्ही बघा."

"का हो?"

"विजा होत्या. मी पाहिल्यात. मणीही असतील. मलाच दिसत नाही हल्ली."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग माझ्या खुर्चीत बसल्या, भिंगावर वाकल्या.

"एक," म्हणाल्या. थोड्या वेळानं, "अगंबाई, हा दुसरा." पुढचे त्यांनी मनातच मोजले. बाई भली आहे.

"मावशी, खूप राबलात," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आता घरी आराम करा."

"करते की." शेवटी विचारलंच, "चहाच्या वेळेला अधूनमधून आले तर चालेल ना?"

"अहो, विचारायचं काय त्यात?"

मी ब्रश धुतला, डबा पिशवीत टाकला. खुर्चीवरची उशी माझी, घरून आणलेली. पण मॅडम तिच्यावर बसल्या होत्या, कामात होत्या. म्हणून मागितली नाही.