कडुबांचं प्रभुभोजन

महिन्याच्या पहिल्या रविवारी उपदेश संपून पाळकसाहेब प्रभुभोजनाच्या मेजाकडे वळले, की कडुबा पारखे बाकावरून उठायचे आणि कुणाकडे न बघता मधल्या वाटेनं चर्चच्या बाहेर जायचे. आवारात चिंचेखाली उभे राहायचे. भाकर आणि द्राक्षरस सगळ्यांना देऊन झाला, शेवटचं गीत सुरू झालं, की परत येऊन आपल्या जागी बसायचे. हे इतकी वर्षं चाललं होतं, की छावणीतल्या त्या चर्चच्या मंडळीत नव्यानं येणाऱ्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला लघवीचा त्रास असावा.

जुन्यांना कारण ठाऊक होतं. कडुबा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लेथवर होते तेव्हा प्यायचे. पिऊन आले की बायकोवर, चंपाबाईवर हात टाकायचे. नाताळच्या आदल्या दुपारी ती करंज्या तळत असताना असाच एक हात तिच्या डाव्या कानावर बसला आणि तो कान कायमचा गेला. त्यानंतर जगली तोवर, कुणी बोलायला लागलं की चंपाबाई मान वळवून उजवा कान पुढं करायची. पुढं ती काविळीनं गेली. तिला माती देऊन आले त्या दिवसापासून कडुबांनी बाटलीला हात लावला नाही, आणि प्रभुभोजनालाही नाही. अयोग्यपणे ती भाकर खाणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं. पिऊन असताना बिनधास्त घेतली होती. शुद्धीवर आल्यावर धीर होईना.

"कडुबा, लायक कोण असतं हो?" आले-गेले पाळक समजावायचे.

"तसं नाय साहेब. आधी म्या नीट होतो, मंग येतो."

आणि ते नीट होत राहिले. आजाऱ्यांच्या उशाशी बसले, कबरस्तानातलं गवत काढलं, उपास केले. मंडळीत त्यांना मान मिळू लागला. पण किती झालं म्हणजे नीट झालं, ते त्यांना कधी कळलं नाही. ज्या एका माणसाला विचारता आलं असतं, त्या आपल्या मुलीला त्यांनी विचारलं नाही.

मुलगी एस्तेर. आईच्या कानामुळंच ती वाचा आणि श्रवण या विषयाकडं वळली आणि शहरातल्या एका दवाखान्यात स्पीच थेरपिस्ट झाली. लोकांना वाटायचं, ती तोतऱ्या मुलांना बोलायला शिकवते. तिचं निम्मं काम वेगळंच होतं. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर कोणत्या रुग्णाला गिळता येतं आणि कोणाला नाही, हे ती ठरवायची. तिनं हो म्हटलं की माणसाला चमच्यानं भरवायचे, नाही म्हटलं की नाकातून नळी घालायचे. पुंडलिकनगरच्या फ्लॅटमध्ये ती एकटीच राहायची. वडलांकडं सणावारी जायची, त्यांची औषधं पाहायची, जेवण झालं की निघायची. दर पहिल्या रविवारी मात्र ती त्यांच्या शेजारच्या जागेवर असायची. ते उठले की पाय आखडून वाट द्यायची आणि भाकरीसाठी हात पुढं करायची. तो हात कधी अडखळला नाही. तिनं कुणाचं वाईट केलं नव्हतं.

यंदा नाताळ सरला आणि कडुबांना झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, पण मुलीचा धंदाच तो, तिला त्यांचं सगळं कळायचं. गिळणं मात्र पार गेलं. एस्तेरनं स्वतःच तपासलं, स्वतःच नाही म्हटलं, आणि नळी घातलेल्या बापाला आपल्या घरी आणलं. मदतीला कन्नड गावाहून आत्या आली, आशाबाई. कडुबांची धाकटी बहीण, आवाजानं बिल्डिंग हलवणारी.

एका सकाळी कडुबांनी विचारलं, "पैला रविवार कधी हाय?"

"हाच की येनारा. का रं दादा?"

"मला घ्यायचंय."

आशाबाई हातातलं पातेलं घेऊन तशीच उभी राहिली. "काय घ्यायचंय?"

"प्रभुभोजन."

"अरं देवा! इतकी वर्सं हातपाय धड होते, तव्हा नाय. आन् आता?"

कडुबा बराच वेळ शब्द जुळवत राहिले. "आता काय सुदरनार म्या? कूस बदलता येत नाय. आता नुसतं घ्यायचंच राह्यलं."

आत्यानं एस्तेरकडं पाहिलं. एस्तेर नळीतून नाचणीची पेज सोडत होती. तिनं मान वर केली नाही.

"अण्णा, तुम्हाला गिळता येत नाही."

"एक घास तर हाय," आशाबाई म्हणाली. "घास बी कसला, नखाएवढा तुकडा."

"नखाएवढाच तुकडा श्वासनळीत जातो, आत्या. यांना खोकलाही येत नाही. आवाज न करता फुफ्फुसात जाईल, आणि ताप चढेल तेव्हा आपल्याला कळेल."

"मंग म्हाताऱ्यानं तसंच जायचं? लई शिकलीस बाई. स्वर्गाच्या दाराला वॉचमन म्हनून तुलाच बसवलंय व्हय?"

एस्तेरनं पेज संपवली, नळीत पाणी सोडलं, बूच लावलं आणि कामावर गेली.

दिवसभर तिला वॉचमन आठवत राहिला. गेल्याच आठवड्यात वॉर्डमध्ये एक आजी होत्या. तपासणीचा निकाल अगदी अण्णांसारखा. नातवानं हात जोडले होते, आजीला चहाची चव तरी घेऊ द्या म्हणून. दिवस थोडे राहिलेत हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. एस्तेरनं डॉक्टरांशी बोलून, धोका घरच्यांना समजावून, परवानगी दिली होती. स्वतःच्या हातानं आजीच्या जिभेवर चहाचे थेंब ठेवले होते. आजी हसल्या होत्या.

मग अण्णांना नाही का?

तिनं कारणं काढून पाहिली. अण्णांचे दिवस थोडे आहेत असं कुणी म्हटलेलं नाही. त्यांना मागं एकदा न्यूमोनिया होऊन गेलाय. कारणं खरी होती, एकही खोटं नव्हतं. तरी "तुम्हाला गिळता येत नाही" म्हणताना तिला आतून थोडं बरं वाटलं होतं, आणि हे बरं वाटणं कोणत्याच तपासणीत बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा तपासलं. त्यांच्या गळ्याच्या घाटीवर दोन बोटं ठेवली, चमच्याच्या टोकावरचा पाण्याचा थेंब जिभेवर सोडला आणि म्हणाली, "गिळा." घाटी वर उचलली जायला हवी होती. बोटांखाली ती नुसती थरथरली. "पुन्हा." कडुबांनी डोळे गच्च मिटले, मानेच्या शिरा ताणल्या. काही उचललं गेलं नाही. थेंब ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आला. तिनं तो पुसला. इतक्या जवळून तिनं त्यांचा चेहरा कधी पाहिला नव्हता. तिला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. त्याचीच तिला भीती वाटली.

रविवारी उपासना उरकून दुपारी पाळक आले. सत्यम आढाव, नुकतेच मंडळीत रुजू झालेले, एस्तेरपेक्षा वयानं लहान. हातात प्रभुभोजनाची छोटी पेटी. एस्तेरनं त्यांना दारातच सगळं सांगितलं.

"नळीतून देता येईल?" त्यांनी विचारलं.

"नाकातून?" आशाबाई मागून ओरडली. "प्रभूला नाकातून नेनार तुमी?"

"भाकर अडकेल," एस्तेर म्हणाली. "रस जाईल, पाणी घालून."

"मंग अर्दंच की!"

"अर्धं असं नसतं मावशी," पाळक म्हणाले. पण त्यांच्या कपाळावर घाम होता. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

मेजाला बसण्याआधी घरातल्यांची क्षमा मागायची, ही त्या मंडळीतली जुनी रीत. बहुतेक जण 'चुकलंमाकलं माफ करा' म्हणून मोकळे होतात. पाळकांनी पलंगाशेजारच्या स्टुलावर पांढरा रुमाल अंथरला आणि कडुबांकडं पाहिलं. कडुबांनी डावा हात उचलून एस्तेरला जवळ बोलावलं.

"तुझ्या आईचा कान," ते म्हणाले. पुढं त्यांना येईना. ओठ हलत राहिले. "म्या केलं. दारूनं नाय. म्या."

पलीकडच्या फ्लॅटमध्ये कुकरची शिट्टी झाली. एस्तेर पलंगाच्या कडेला उभी होती. हे वाक्य तिनं लहानपणापासून मनातल्या मनात मागितलं होतं. ते आलं तर आपण काय म्हणू, तेही ठरवून ठेवलं होतं. ठरवलेलं ते तिनं म्हटलं नाही.

"मला नाही जमत, अण्णा."

"अगं, म्हन की माफ केलं!" आशाबाईनं तिचा दंड धरला. "तोंडानं म्हनायला काय जातंय?"

"खोटं बोलून बसू का मेजाला?"

कडुबांनी मान भिंतीकडं वळवली. "मंग नको. तिचं मन झाल्यावर. तव्हा बगू."

सत्यम पाळक पेटी उघडता उघडता थांबले. एकदा बापाकडं, एकदा लेकीकडं पाहिलं. मग जमिनीवर पलंगाला टेकून बसले. भिंतीकडं वळलेलं तोंड तिथून दिसेना, तरी बोलले.

"काका, मेज ताईंचं नाही. तुमचंही नाही. माझं तर नाहीच नाही. घरातले सगळे नीट झाल्यावर वाढायचं असेल, तर मी ही पेटी कुठल्याच घरात उघडू नये. माझ्या तर नाहीच." त्यांनी पेटी उघडली. "प्रभूनं वाढलंय. कुणाचं मन होण्याची वाट न बघता वाढलंय. आता तुम्ही उठून जाऊ शकत नाही, एवढंच नवीन आहे."

आशाबाईला हसू फुटलं आणि लगेच रडू. कडुबांनी मान सावकाश इकडं वळवली.

एस्तेरला वाटलं, आपल्या हातातून कुणीतरी काहीतरी काढून घेतलं. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं, की अण्णांचं काय करायचं ते आपल्या हो-नाहीवर आहे. ते नव्हतंच. ती रिकाम्या हातांनी उभी राहिली. मग तिनं ते हात धुतले, पलंगाची डोक्याकडची बाजू वर केली, नळी जागेवर असल्याची खात्री केली, सिरिंजचा दट्ट्या काढून बाजूला ठेवला आणि नुसती नळकांडी नळीच्या तोंडाला जोडून वर धरली. औषध दट्ट्यानं ढकलता येतं. अन्न ढकलायचं नसतं, ते आपल्या वजनानं उतरतं.

पाळकांनी भाकर मोडली. प्रार्थना म्हटली. त्यांनी पेल्यातला पाणी घातलेला रस नळकांडीत ओतला. तो फिकट जांभळा रस नळीत थोडा वेळ तसाच थांबला, आणि मग उतरू लागला. कडुबांनी काही केलं नाही. एस्तेरनंही नाही. तिनं फक्त हात वर धरला होता.

"गेलं?" कडुबांनी विचारलं.

"गेलं, अण्णा."

त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. उजवा डोळा कोरडाच होता.

आशाबाईनं आपला वाटा घेतला. मग पाळकांनी भाकरीची ताटली एस्तेरपुढं केली. तिचा हात उठेना. स्वयंपाकघरात काहीतरी राहिलं असेल, असं तिला वाटलं. "मी नंतर घेते," ती म्हणाली आणि वळली.

"थांब," कडुबा म्हणाले. तिनं मागं पाहिलं. "जाऊ नको भाईर. म्या लई वर्सं हुबा राह्यलोय तिथं. काय मिळत नाय."

ती थांबली. मन हललं नव्हतं, आईचा कान तसाच होता, आणि तरी ती भाकर समोर होती. तिनं हात पुढं केला. पहिल्यांदाच तिला त्या तुकड्याविषयी काही म्हणता आलं नाही, आपला हक्क आहे असंही नाही. तिनं तो खाल्ला.

पाळक गेले. आत्या चहा टाकायला आत गेली. एस्तेरनं नळीत पाणी सोडून बूच लावलं आणि उशी नीट केली.

"मंग," कडुबांनी विचारलं, "केलंस माफ?"

"नाही अजून."

"उद्या इचारू?"

तिनं त्यांचं पांघरूण सारखं केलं. "विचारा," म्हणाली.

त्यांनी डोळे मिटले. श्वासात बारीक घरघर होती. ती कालच्यापेक्षा कमी आहे की जास्त, हे तिला, इतकी वर्षं हेच काम करून, ठरवता येईना. ती खुर्ची ओढून त्यांच्या उशाशी ऐकत बसली.