रेघेखालचा क्रूस

माझ्या उभ्या खांबावर तांबड्या रंगाची एक आडवी रेघ आहे. ती बोटभर रुंद आणि जमिनीपासून सव्वादोन फूट उंच आहे. उन्हात तिचे पोपडे निघतात, पण रेघ जात नाही.

मित्रांनो, मी एक जुना सागवानी क्रूस आहे. भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी, एका लहान गावाच्या ख्रिस्ती दफनभूमीत मी उभा आहे. त्याआधी मी बैलगाडीचं जू होतो. माझा धनी शांतवन १९७४ च्या पावसाळ्यात डोंग्यातून नदी ओलांडताना बुडाला. तो तिसऱ्या दिवशी सापडला. त्याच्या बायकोनं, गोदावरीबाईनं, कबरीसाठी टेकाडावरची सगळ्यांत उंच जागा मागितली. "पानी तिथं पोचू नये," एवढंच ती म्हणाली. सुतारानं मला कापून क्रूस केला.

दरवर्षी ईस्टरच्या आधी ती मला जवसाचं तेल चोळायची. हे तेल लाकडात मुरून घट्ट होतं आणि ओल आत शिरू देत नाही. धान करपलं त्या वर्षीही ती तेल घेऊन आली. "देवा, तू हायेस," म्हणाली आणि कामाला गेली.

मग १९८५ साली साखळी, दुर्बीण आणि रंगाचा डबा घेऊन मोजणीवाले आले. खूण करायला त्यांना भक्कम लाकूड हवं होतं. मी होतो.

दुसऱ्या दिवशी शेजारची धुरपता धानाच्या बांध्यांवरून घरी जात होती. लाल रेघ पाहून ती थांबली, चपला काढल्या आणि माझ्यापुढे जास्वंदीचं फूल ठेवलं.

"वो वयनी, तुमच्या देवालेबी शेंदूर लागते का? मी म्हनतच होती, तुमचा देव लई कोरडा!"

कबरीशी बसलेली गोदावरीबाई हसली नाही. "शेंदूर नोहे तो, धुरपता. रंग होय. गोसीखुर्दले धरन बांधनार हायेत. पानी इथवर चढन."

धुरपतानं फूल उचललं नाही. नुसता हात मागे घेतला.

चर्चच्या पाळकसाहेबांनी सांगितलं, गाव उठून दुसरीकडे वसणार आहे; ज्यांना हवं त्यांनी आपल्या माणसाचे अवशेष नव्या गावच्या दफनभूमीत न्यावेत. शांतवनला उकरून काढायचं, की पुन्हा पाण्याला द्यायचं? गोदावरीबाई म्हणाली, "पाहू."

चार वर्षं ती "पाहू"च म्हणत राहिली. तिनं तेल आणणं बंद केलं. प्रार्थना अर्ध्यावर सोडून ती उठू लागली. माझ्या पायथ्याशी वाळवीची मातीची नळी चढू लागली. एकेक कबर उघडली गेली आणि माझ्याभोवती सात खड्डे झाले. पावसाळ्यात त्यांत पाणी साचायचं. मग ते मातीखालून झिरपत माझ्या पायापर्यंत यायचं. वर पाहणाऱ्याला काहीच दिसायचं नाही.

मित्रांनो, लाकडाला तेल लावावं ते वाळवी येण्याआधी. मी इतकी वर्षं टिकलो तो आधी मुरलेल्या तेलावर. माणसाच्या विश्वासाचंही तसंच असावं.

१९८९ चा ईस्टर आला. आदल्या दिवशी दुपारी ती आली. सोबत मुलगा भोजराज फावडं घेऊन होता आणि पाळकसाहेब हलवायच्या कबरींची यादी घेऊन. तिच्या हातात तेलाची बाटली होती. तिनं वाळवी खरवडून काढली, मला वरपासून खालपर्यंत तेल चोळलं, त्या रेघेवरूनसुद्धा. मला वाटलं, आता आपण निघालो.

"माय, आता तरी बोल," भोजराज म्हणाला. "पाळकसाहेब कवाचे उभे हायेत. का आजबी पाहूच म्हनशीन?"

ती नदीकडे बघत होती.

"तुझा बाप बुडाला तवा तीन दिवस मी देवाले इचारत होती, कुठं हाय तो म्हनून. देवाले ठावं होतं, बाबू. मलेच नोहतं."

तिनं तेलकट हात पदराला पुसले.

"ठेव ते फावडं. पान्याखालीबी तो कुठं हाय ते देवाले ठावं राहीन. राहू दे त्याले इथंच. अन् क्रूसबी राहू दे."