नायलॉनच्या गिअरचं घर

मुठीत मावणारा, दुधी रंगाचा, काठाला दाते असलेला मी एक गिअर. नायलॉनचा आहे, म्हणजे प्लास्टिकचाच. ते मी लपवत नाही. पण मी प्लास्टिक की यंत्र, हे ठरवायला एकदा माणसं बसली होती. त्या दिवसाचं नवल मला अजून वाटतं.

माझा जन्म परदेशातला. पांढरे दाणे वितळवून साच्यात ओतले, त्यातून मी निघालो आणि त्याच दाण्यांतून काही स्क्रू. एका पेटीत बसून आम्ही समुद्र ओलांडला आणि एका शहराजवळच्या कस्टमच्या आवारात येऊन पडलो.

आम्हाला न्यायला आशाबाई आल्या. मूळच्या कन्नड तालुक्यातल्या. चिकलठाण्यात पत्र्याच्या शेडमध्ये त्या उपवासाच्या भाजणीची पाकिटं भरतात. पाकिटं भरायच्या यंत्रातला जुना गिअर तुटला आणि यंत्र बंद पडलं. श्रावण तोंडावर. माल वेळेत गेला नाही तर दुकानदार दुसरीकडे वळणार, शेडमधल्या बायकांचं काम जाणार. म्हणून आशाबाईंनी वेरूळच्या महादेवाला नवस बोलला होता: यंत्र फिरेपर्यंत तोंडातून खोटा शब्द काढणार नाही.

"मग गिऱ्हाईकाशी काय बोलशील गं?" असं त्यांच्या जाऊबाईंनी, सरूबाईंनी विचारलं होतं म्हणे.

कस्टमच्या मॅडमनी मला तळहातावर घेतलं आणि कुठल्या वस्तूवर किती कर हे सांगणारं जाडजूड पुस्तक उघडलं. काय ते पुस्तक! सुरुवात जिवंत घोड्यांपासून, शेवट जुन्यापुराण्या मूर्तींपर्यंत. मध, मीठ, सुई, आगगाडी, सगळ्यांना त्यात घर दिलेलं. ज्यांचं नाव कुणाला सुचलं नाही त्यांच्यासाठीही 'इतर' म्हणून जागा राखलेली. एवढ्या पसाऱ्यात कुणालाच बाहेर ठेवलं नव्हतं. माझी तर दातखीळच बसली.

कागदपत्रं करणारे सांडूभाऊ म्हणाले, "मॅडम, पेटीतलं सगळं यंत्राचे भाग म्हणून लिहिलंय." प्लास्टिकच्या वस्तूंपेक्षा यंत्राच्या भागांवर कर कमी होता.

मॅडमनी एक स्क्रू उचलला. "हा याच यंत्रासाठी बनवलाय?"

"खास बनवून घेतलाय, मॅडम," सांडूभाऊ पटकन म्हणाले.

मॅडमनी आशाबाईंकडे पाहिलं. आशाबाईंनी पदर सारखा केला. पेटी अडकली तर श्रावण हातचा जाणार, हे त्यांना दिसत होतं. मग हळूच म्हणाल्या, "नाय मॅडम. ह्यो कुठंबी बसतो. मागच्या खेपेचा म्या घरच्या कुलरला लावलाय."

सांडूभाऊंनी कपाळाला हात लावला. "वहिनी, तुमचा महादेव माझी रोजी घेणार."

"त्याला मधी नका घेऊ, भाऊ. शब्द म्या दिलाय."

मॅडमना हसू आलं. त्यांनी मला पुढं केलं. "आणि हा?"

आशाबाईंनी माझ्या दात्यांवरून अंगठा फिरवला. "ह्यो दुसऱ्या चाकाला फिरवतो. दुसरं काय येत नाय त्याला. पण ह्येच्यावाचून मशीन मुकं हाय."

मॅडमनी पानं उलटली. "बरोबर. गिअर कशाचाही असो, तो यंत्रांच्या घरात. स्क्रू सगळीकडे चालतो, म्हणून तो प्लास्टिकच्या घरात. कागद दुरुस्त करा, जास्तीचा कर भरा आणि घेऊन जा."

एका दाण्याची आम्ही भावंडं, घरं वेगळी झाली. मला वाईट नाही वाटलं, नवल वाटलं. मी कशाचा झालो यापेक्षा मी काय करतो, हे कुणी इतक्या प्रेमानं कधी विचारलं होतं?

श्रावण लागायच्या आधी यंत्र फिरलं. बायकांनी मला हळदीकुंकू लावलं, दात्यांना सोडून.

आता माझे दाते झिजलेत. नवा गिअर आलाय. आशाबाई म्हणतात, "ह्याला देव्हाऱ्यात ठिवते."

बाई, नका ठेवू. मला भंगारात द्या. त्या पुस्तकात मोडक्या प्लास्टिकलाही घर आहे म्हणतात. वितळून मी पुढं काय होईन कुणास ठाऊक, कुणाच्या तरी हाती लागेन आणि तो माणूस मला उलटंपालटं करून विचारेल, "तू काय करतोस?"