गोल बैठकीचे बोल्ट

ताई जाऊन अकरा दिवस झाले. धाकटा पोलिसांना, दाजींना, भेटेल त्याला एकच सांगतोय, "चाकं मी बसवली. चूक माझी." आणि मी, त्याचा थोरला भाऊ, शेजारी मूग गिळून उभा असतो. खरं काय ते त्याला सांगायला माझी जीभ रेटत नव्हती.

त्या दिवशी आमचा अबोला होता. चौथा दिवस. कारण ऐकाल तर हसाल. एका गिऱ्हाईकासमोर तो म्हणाला होता, "दादाला नवीन गाड्यांतलं फारसं कळत नाही." गमतीत म्हणाला, पण मी मनाला लावून घेतलं. वीस वर्षं ग्रीसमध्ये हात बुडवून ज्याला धंदा शिकवला, तो शहाणा चारचौघांत माझीच अक्कल काढतो! मी बोलणंच टाकलं. पाना हवा असला तरी स्वतः उठून घ्यायचो.

सकाळी ताई आली. दाजींनी तिला एका मोठ्या मॉडेलची अलॉय चाकं आणून दिली होती, जुनी पण चकचकीत. "बघा, माझी म्हातारी गाडी आज कशी नटतेय!" मग आमची तोंडं पाहून तिने कपाळावर हात मारला. "अजून चाललंच आहे का तुमचं? घोडे झालात आता."

मी टेबलाकडे वळलो, तो चाकांकडे.

धाकट्याने भोकं मोजली, पाच. त्यांच्यातलं अंतर मोजलं, बरोबर. मग त्याने तिच्या लोखंडी चाकांचेच बोल्ट उचलले. आटे तेच, लांबीही पुरेशी. पण त्या बोल्टचं डोकं खालून निमुळतं होतं आणि अलॉयच्या भोकातली बैठक वाटीसारखी गोल. अशा बैठकीत निमुळता बोल्ट टेकतो तो फक्त एका बारीक कडेवर. आवळताना घट्ट लागतो, चाकही सरळ फिरतं. पण गाडी थोडी पळाली की ती कड दबते आणि बोल्ट ढिले पडू लागतात.

मी समोरच्या टेबलावर ब्रेकचा सिलिंडर साफ करत होतो. त्याने पहिला बोल्ट हातात घेतला तेव्हाच मला दिसलं. गोल बैठकीचे बोल्ट माझ्या गुडघ्याशी, खणात पडलेले होते. एक शब्द पुरे होता. पण मला वाटलं, राहू दे. ताईचं घर दोन चौक पुढे. संध्याकाळी याला घेऊन तिच्याकडे जाईन, चाक काढून याच्या पुढ्यात धरेन आणि विचारेन, आता सांग, कोणाला काय कळत नाही? ते वाक्य मी मनात दोनदा घोळवूनही पाहिलं. चांगली जिरली असती त्याची.

ताई घरी गेलीच नाही. नव्या चाकांची हौस! मैत्रिणीला दाखवायला ती थेट मोठ्या रस्त्याला लागली. साठेक किलोमीटरवर पुढचं डावं चाक निघालं आणि गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. दाजींचा फोन आला तेव्हा मी धाकट्याशी चार दिवसांत पहिल्यांदा बोललो. म्हणालो, "गाडी काढ."

आज दुपारी तो आपली हत्यारं न्यायला गॅरेजमध्ये आला. "मी यापुढे गाडीला हात लावणार नाही," म्हणाला. एकेक पाना पुसून तो पेटीत ठेवू लागला. ते मला बघवेना. मी शटर अर्धं खाली ओढलं आणि सगळं बोलून टाकलं. मला दिसलं होतं ते, खणातले बोल्ट, संध्याकाळचा बेत, त्याची जिरवायची होती तेसुद्धा. वाटलं, आता हा पाना उचलून माझ्या डोक्यात घालेल. मला तेच हवं होतं.

तो पेटीशेजारी जमिनीवरच बसला.

"मलाही शंका आली होती, दादा," तो म्हणाला. "बोल्ट नीट बसत नाही असं हाताला लागलं. म्हणून मी वर बघितलं. तू माझ्याकडेच बघत होतास."

"हो."

"मी लहानपणापासून असंच करतो. चुकलं की तू ओरडतोस. ओरडला नाहीस, म्हणजे काम बरोबर." त्याने पेटीचं झाकण लावलं. "तू गप्प बसलास, म्हणून मी आवळले."