खराटा कुणाच्या हातात

मी खराटा बोलतोय. घरातल्या केरसुणीला दिवाळीत हळदकुंकू लागतं, मला नाही. माझी जागा दाराबाहेर, गटाराच्या कडेला. पण त्याची मला कधी लाज वाटली नाही. लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची.

माझा जन्म केळव्याचा. तिथल्या खराटे विकणाऱ्या रंभाबाईनं माडाच्या पडलेल्या झावळ्यांतून एकेक हीर सोलून काढला, उन्हात वाळवला, काथ्यानं करकचून बांधला आणि मला बोईसरच्या बाजारात आणलं.

अठ्ठ्याऐंशी साल होतं. कारखान्यांजवळच्या एका चाळीत काविळीची साथ आली होती. नळाशेजारचं गटार तुंबलं होतं आणि त्यातलं पाणी नळाच्या खड्ड्यात उतरत होतं. तक्रारी करूनही कुणी फिरकलं नाही, तेव्हा चाळीतल्या पोरांनी तरुण मंडळ काढलं. पुढारी महादू, मूळचा मुरब्याचा, रंगाच्या कारखान्यात कामाला. त्याच्याबरोबर नलू, नवापूरची, बोलायला फटकळ. आणि रामकिसन. तो आईबापांबरोबर परभणीकडून आलेला. दहावी नापास, हाताला काम नाही, चाळीत खाली मान घालून चालायचा.

त्यांनीच मला विकत घेतलं.

पहिल्या रविवारी काय उत्साह होता! मी या हातातून त्या हातात फिरलो. रामकिसन तर गुडघाभर घाणीत उतरला. पाणी वाहतं झालं तेव्हा चाळीतल्या बायकांनी वरून टाळ्या वाजवल्या. "पोरा, शाबास रे!" कुणीतरी म्हणालं. त्याला असं कुणी कधी म्हटलं नसावं. त्याची मूठ माझ्याभोवती घट्ट झाली.

त्यानं घरी जाऊन मला दाराबाहेर टेकवलं. आतून त्याच्या आईचा, साखरबाईचा आवाज आला.

"हे काय धरून आलास?"

"माय, समद्यांनी मिळून गटार साफ केलं. लोक शाबास म्हणाले."

"गावात तुझा आजा चावडी झाडायचा. वेस झाडायचा. जन्मानंच ते काम आपल्या पदरी. तुझ्या हातात खराटा येऊ नये म्हणून आम्ही गाव सोडलं रे. अन् तू इथं येऊन तोच धरतोस?"

"इथं तसं न्हाई, माय. इथं सगळेच झाडतात."

"बघू," ती म्हणाली. "थोडे दिवस जाऊ दे. मग कुणाच्या हातात ऱ्हातो ते बघ."

बाहेर भिंतीला टेकून मी ते ऐकत होतो. आपण कुणाच्या घरात इतकं दुःख घेऊन येऊ शकतो, हे मला ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझी लाज वाटली.

आणि साखरबाईचंच खरं होऊ लागलं. दुसऱ्या रविवारी महादूनं शिट्टी घेतली आणि कामं वाटली. कुणी चुन्याची बादली धरली, कुणी घमेलं. माझी वेळ आली की महादू म्हणायचा, "रामकिसनला द्या. त्याला छान जमतं." पुढे पुढे तेही म्हणायची गरज उरली नाही. मी रामकिसनच्या दारापाशीच राहू लागलो. कुणी त्याला जात विचारली नव्हती. पण आडनाव सगळ्यांना कळलं होतं.

रामकिसन झाडत राहिला. साथ ओसरली होती, मुलं बरी होत होती, त्याचा त्याला आनंद होता. पण मला उचलताना तो हल्ली आधी घराच्या खिडकीकडे बघायचा.

सव्वीस जानेवारीला मंडळाचा सत्कार ठरला. पाहुणे येणार होते. साखरबाईसुद्धा ठेवणीतलं लुगडं नेसून बायकांत येऊन बसली. रामकिसननं नवा शर्ट घातला होता. तेवढ्यात महादूचं लक्ष स्टेजवरच्या पाचोळ्याकडे गेलं.

"अरे रामकिसन, पाहुणे पोचतील आता. पटकन खराटा मार ना."

रामकिसननं मला आणलं. माझे हीर त्याच्या नव्या शर्टाला लागत होते. त्यानं आईकडे पाहिलं. साखरबाईनं मान खाली घातली होती.

तो स्टेजवर चढला आणि झाडायच्या ऐवजी त्यानं मला सगळ्यांसमोर आडवं ठेवलं.

"महादूभाऊ, आज मी झाडणार न्हाई," तो म्हणाला. "काम मला आवडतं. पण ते माझ्याच हातात का? मला सत्कार नको. पाळ्या लावा."

महादूचे कान लाल झाले. "आरं, मी काय तसं मनात आणून..." तो अडखळला.

"मनात होतंच," नलू पुढे येऊन म्हणाली. "माज्यापन होतं. आमाला कळत नव्हतं असं नाय. कळत होतं आणि आमी गप रायलो."

महादूनं वाकून मला उचललं. मला धरायचं कसं, हेच त्याला येत नव्हतं. इस्त्रीच्या कपड्यांत त्यानं सगळं स्टेज झाडलं, आणि झाडून होईपर्यंत त्यानं वर पाहिलं नाही. पाहुण्यांनी दिलेली शाल त्यानं रामकिसनच्या खांद्यावर घातली. तेव्हाही महादूला त्याच्या डोळ्यांत बघता आलं नाही.

त्यानंतर पाळ्या लागल्या. दर रविवारी एक घर. रामकिसन आता मंडळाच्या वतीनं पालघरच्या कचेरीत जाऊ लागला, नव्या पाइपसाठी अर्ज घेऊन. दुसऱ्या चाळीतली पोरं त्याला शोधत यायची, "रामकिसनभाऊ, आमच्याकडे मंडळ कसं काढायचं?"

असाच तो पालघरला गेला असताना नलू मला घेऊन साखरबाईच्या दारात उभी राहिली.

"मावशी, आज तुमच्या घरची पाळी."

साखरबाईनं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आमच्या घरची पाळी झाली, पोरी. रामकिसनच्या आज्यानं केली, पणज्यानं केली. पोरगं आपल्या खुशीनं करतं, करू दे. मी हात लावायची न्हाई."

नलूनं मला मागे घेतलं.

"चुकलं माजं, मावशी," ती म्हणाली. "मी विचारायलाच नको होतं."

ती गेली आणि साखरबाईच्या घरची पाळी तिनं स्वतः केली. मला गटाराशी ठेवून ती परत निघाली, तेव्हा साखरबाई दारातच उभी होती.

"हात धू," ती म्हणाली. "चहा टाकलाय. आत ये."

नलू आत गेली. मी बाहेरच होतो, पण कपबशीचा आवाज ऐकू आला.

आता माझे हीर झिजून बोटभर उरले आहेत. लवकरच कुणाच्यातरी चुलीत जाईन. जाण्याआधी एवढंच मागणं आहे. चांगल्या कामासाठी जमाल तेव्हा एकदा बघा, खराटा प्रत्येक वेळी एकाच माणसाच्या हातात तर नाही ना? असेल, तर त्यानं खाली ठेवायची वाट बघू नका. पुढे व्हा आणि मागून घ्या.